कटर लावायच्या आधी

2018 च्या डिसेंबरात मी माझ्या हातानं न विकलेले 64 जोड नवे बूट कापून निकामी केले. इतकी वर्षं झाली तरी ती दुपार डोक्यातून जात नाही. आज सविस्तर लिहिते.

तेव्हा मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ब्रँडेड बुटांच्या शोरूममध्ये कामाला होते. स्टॉक माझ्याकडे असायचा. मागच्या खोलीत तीन वर्षांचा पडून राहिलेला माल होता. काही जोड डिस्प्लेला लावून उन्हानं एक पाय फिका पडलेले, काहींचे खोके पावसाळ्यात भिजलेले. पण निम्म्याहून जास्त माल नुसता ‘बंद झालेलं आर्टिकल’ होता. कंपनीनं ते डिझाइन काढून टाकलं, एवढाच त्याचा दोष. त्यात सगळ्यात जास्त होते काळे शाळेचे बूट, लहान नंबरचे.

एरिया मॅनेजर आले, यादी तपासली आणि म्हणाले, प्रत्येक जोडाला कटर मारायचा. दोन्ही पायांना, वरून आडवा. मारताना व्हिडिओ काढायचा आणि हेड ऑफिसला पाठवायचा, मग मालकांना क्रेडिट नोट मिळेल, म्हणजे त्या मालाचे पैसे कंपनी वळते करेल. मी म्हटलं, सर, ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात, कागलच्या रस्त्याला कोप्या पडल्यात, पोरं अनवाणी फिरतात. तिथल्या साखरशाळेत देऊन येते की. ते म्हणाले, ‘‘मॅडम, मलाही आवडत नाही हे. पण एका गावात दिले होते, आठ दिवसांत चार जोड शोरूमला बदलून मागायला आले. बाकीचे बाजारात पालावर दिसले.’’

आम्ही दोघं बसलो, मी आणि वॉचमन मामा. मामा मोबाइल धरायचे, मी कापायची. बूट कापायला जड असतो. टाचेकडं पातं अडकतं, आत पुठ्ठा असतो तिथं करकरतं. दोन पाती मोडली, तळहाताला फोड आला. नव्या रबराचा आणि सोल्युशनचा वास खोलीत भरला. चाळिसाव्या जोडाला मामा म्हणाले, ‘‘ताई, माझ्या नातीचा हाच नंबर हाय.’’ मी काही बोलले नाही. व्हिडिओ चालू होता.

त्यातला एक कापलेला जोड मी पिशवीत घालून घरी नेला. आमचं घर सुभाषनगरात. आप्पांनी आयुष्यभर कोल्हापुरी चप्पल केली. कापशी, कुरुंदवाडी, सगळे घाट त्यांच्या हातात आहेत. त्यांनी तो बूट घेतला, उलटा केला, शिवण बघितली, नख लावून तळ दाबला. म्हणाले, ‘‘उसवलंय कुठं? ह्याला काय झालंय?’’ मी सांगितलं, मीच कापलाय, कंपनीचा नियम आहे. ते बराच वेळ तसेच बसले. मग एवढंच म्हणाले, ‘‘अगं, ह्याच्यावर कुणीतरी बसलेलं असतंय की.’’

‘बसलेलं’ म्हणजे कामाला बसलेलं. आमच्याकडं एक जोड म्हणजे कातडं भिजवणं, रापीनं कापणं, आरीनं भोकं पाडणं, वादीनं शिवणं, वेणी घालणं, यात घरातले तीन-चार हात असतात. कंपनीचा बूट मशिनवर होतो हे आप्पांना कळतं. पण मशिनवरही कुणीतरी बसलेलं असतंच.

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. आता शाहूपुरीत एका टॅक्स कन्सल्टंटकडं आहे, दिवसभर दुकानदारांची रिटर्न्स भरते. म्हणून लोक विचारतात की व्यापारी एवढे दगडाच्या काळजाचे का, तेव्हा मला त्या मॅनेजरांचा चेहरा आठवतो. ते वाईट नव्हते. नुकसान सोसून नवा माल कापणारा माणूस दुष्टपणानं कापत नाही. त्याच्यापुढं हिशेबच तसा मांडलेला असतो.

हिशेबाचा एक भाग ब्रँडचा आहे. बुटाची किंमत कातड्यात, रबरात थोडी असते आणि नावात फार असते. तोच बूट लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात दोनशेला दिसला, तर शोरूममधला दोन हजारांचा बूट कुणी का घ्यावा? या भीतीला जगभरात फार मोठे लोक बळी पडलेत. बर्बरी या ब्रिटिश कंपनीच्या 2018 च्या वार्षिक अहवालातच छापलं होतं की एका वर्षात 2 कोटी 86 लाख पौंडांचा माल नष्ट केला. लोक खवळले, तेव्हा त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी हे बंद करत असल्याचं जाहीर केलं. नावाची किंमत काय असते ते आपण 2025 च्या जूनमध्ये जवळून बघितलं. प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही केला नव्हता. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं असताना.

दुसरा भाग मला जास्त टोचतो, कारण तो कायद्यात आहे आणि रोज माझ्या टेबलावर येतो. जीएसटीच्या कायद्यात कलम 17(5)(एच) आहे. कुठल्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळणार नाही, ते त्यात सांगितलंय: हरवलेला माल, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, हिशेबातून काढून टाकलेला, किंवा भेट म्हणून वा मोफत नमुना म्हणून दिलेला. एकाच दमात. म्हणजे चोरानं नेलेला बूट आणि साखरशाळेतल्या पोरीला दिलेला बूट कायद्याला सारखेच. समजा एका जोडाच्या खरेदीवर शंभर रुपये कर भरलाय. जोड विकला तर ते शंभर रुपये वळते होतात. कापला तर सोडावे लागतात. दान दिला तरी सोडावेच लागतात.

इथपर्यंत बरोबरी झाली. पण पुढं दानाचा पाय मागं पडतो. माल कापला की तोट्याचा कागद सरळ होतो: व्हिडिओ आहे, यादी आहे, स्टॉकमधून कमी केला, संपलं. दान दिलं की प्रश्न सुरू होतात. कुणाला दिलं, कशावरून दिलं, विकून रोख घेतली नाहीत कशावरून? आयकरात दानाची सवलत फक्त पैशाच्या दानाला आहे, वस्तूच्या दानाला नाही. मोठ्या कंपन्यांनाही सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्यावर करायच्या सक्तीच्या, खर्चात वस्तूंची किंमत लावून दाखवता येत नाही. वरून टेम्पोचं भाडं, माणसांची हजेरी, संस्थेची चौकशी. कापायला काय लागतं? एक कटर आणि माझ्यासारखी पगारी बाई.

या नियमांमागं कारणं आहेत, हे मला मान्य आहे. दानाच्या नावाखाली माल मागच्या दारानं विकून कर चुकवणारे मी बघितलेत. म्हणून नियम कडक असावा. पण चोरीची भीती आहे म्हणून दान आणि नासधूस एकाच ओळीत बसवणं मला पटत नाही.

आता पुराचं सांगते, कारण माझं मत खरं तिथं पक्कं झालं.

2019 चा ऑगस्ट. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, गाव तुटलेलं. चिखली, आंबेवाडीची माणसं शहरातल्या शाळांमध्ये आणली होती, तिथं मी आठ दिवस कपडे निवडायला जात होते. महाराष्ट्रभरातून ट्रकच्या ट्रक मदत आली. त्या लोकांचे उपकार कधी फिटणार नाहीत. पण त्याच ट्रकमधून फाटकी पोलकी आली, चेन तुटलेल्या पँटी आल्या, लग्नातले जड घागरे आले. कॉलर मळलेले शर्ट निवडून निवडून हात काळे व्हायचे. वर्गाच्या भिंतीला लागून नको असलेल्या कपड्यांचा ढीग खिडकीपर्यंत गेला आणि शेवटी तोही टाकावाच लागला. म्हणजे ‘द्या, काहीही द्या’ हेही उत्तर नाही. दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या कामाची नसेल तर आपण आपला कचरा त्याच्या दारात नेऊन ठेवतो.

आणि त्या सगळ्या ढिगात नव्हतं काय? पायात घालायचं. बाया चिखलातून आलेल्या, चपला पाण्यात गेलेल्या. घरं साफ करायला परत जायचं तर चिखलात काचा, पत्रे, मोडकी भांडी. एक आजी रोज सकाळी माझ्या टेबलाशी यायची, ‘‘बाई, पायताण आलं का गं?’’ मी रोज नाही म्हणायची. आठ महिन्यांपूर्वी मी 64 जोड कापले होते.

दुसरीकडं काय केलंय ते बघा. फ्रान्सनं 2016 मध्ये कायदा केला. 400 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटनी खाण्याजोगं अन्न मुद्दाम नासवायचं नाही, संस्थांशी करार करून द्यायचं. त्याआधी काही दुकानं टाकलेल्या अन्नावर ब्लीच ओतायची, कुणी उचलून खाऊ नये म्हणून. 2020 च्या कायद्यानं त्यांनी कपडे, बूट अशा न विकलेल्या वस्तू नष्ट करण्यावरही बंदी आणली. युरोपीय महासंघानं मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि पादत्राणे नष्ट करायला बंदी घालताना 19 जुलै 2026 ही तारीख ठरवली. आपल्याकडंही उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याचे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, नियम 2019 मध्ये आले. म्हणजे जमतं. अन्नाला जमलं, तर बुटाला का जमू नये?

माझं मागणं मोठं नाही. 17(5)(एच) मध्ये एक अपवाद घाला: नोंदणीकृत संस्थेला, शाळेला, सरकारी वसतिगृहाला पावती घेऊन दिलेल्या मालाचं क्रेडिट जाणार नाही. पावती पोर्टलवर चढवायची सोय करा, म्हणजे खोटं दान पकडताही येईल. आणि कंपन्यांना माझं सांगणं आहे की बूट कापू नका, लेबल कापा. जिभेवरचा लोगो काढा, तळाला न पुसणारा शिक्का मारा, ‘विक्रीसाठी नाही’ असा. मग तो शोरूमला बदलायला येत नाही आणि बाजारात पालावर मांडताही येत नाही. त्या मॅनेजरांची अडचण खरी होती, पण ती एका शिक्क्यानं सुटण्यासारखी होती. शाहू महाराजांनी 1901 पासून इथं बोर्डिंगं उभी केली, खेड्यातली पोरं अजून या गावात शिकायला येतात. द्यायला जागा नाही, असं कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर राजारामपुरी, महाद्वार रोड, शाहूपुरीतल्या दुकानदारांना विनंती आहे. ज्यांचा स्वतःचा माल पडून आहे, कंपनीचं बंधन नाही, त्यांनी मला इनबॉक्समध्ये मेसेज करा. क्रेडिट किती सोडावं लागेल ते मी आधी काढून देते, संस्थेचं पत्र आणि पावती मिळवून देते, या कामाचे पैसे घेणार नाही. ज्यांना कंपनीचं बंधन आहे त्यांनीही कटर लावायच्या आधी एकदा लेखी विचारा, पत्राचा मसुदा मी करून ठेवलाय. टेम्पोची सोय आमच्या गल्लीतल्या पोरांनी केली आहे.

टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात. मुलांचे 9 ते 13 आणि 1 ते 3 हे नंबर जास्त लागतात. काळेच पाहिजेत असं नाही. एक पाय फिका असला तरी चालेल. जिथं शिवण उसवली असेल तिथं आप्पा बसून देणार आहेत.