‘संध्याकाळी देतो म्हणून तीन दिवस लावले’: अलॉय व्हीलच्या कामावरच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. एक स्टार दिलाय आणि लिहिलंय, ‘फुटपाथला घासलेल्या अलॉय व्हीलचं किरकोळ काम. संध्याकाळी देतो म्हणून तीन दिवस लावले. शेड जुळत नाही, पैसे भरमसाट, वर नट आवळायला परत या म्हणतात. पोरांना काम येत नाही.’ खाली चाकाचा एक फोटो टाकलाय.

गाडीवाचून तुमचे हाल झाले, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण ‘संध्याकाळी देतो म्हणून तीन दिवस’ हे वाक्य तसंच राहू देणं मला परवडणारं नाही. आमचा धंदा लोकांच्या तोंडी शिफारशीवर आणि इथल्या अशाच चार ओळींवर चालतो. त्यामुळे जरा लांबण लागेल, राग मानू नका.

तुम्ही फोनवर विचारलंत, ‘एका चाकाला थोडंसं खरचटलंय, किती वेळ लागेल?’ मी विचारलं, रंगवलेलं चाक आहे की डायमंड कट, म्हणजे समोरून कातून चकचकीत केलेलं? तुम्ही म्हणालात, ‘सिल्व्हर आहे.’ फोटो मागितला तर अख्ख्या गाडीचा आला. गाडी छानच आहे, पण त्यात चाक जेमतेम दिसत होतं, ओरखडा तर नाहीच. त्या बोलण्यावरून मी सांगितलं, सकाळी गाडी लावा, संध्याकाळी घेऊन जा. रंगवलेल्या सिल्व्हर चाकाच्या कडेला वरवरचा ओरखडा असेल, तर काम खरंच तेवढंच असतं. कड घासून सपाट करायची, लागली तर पुट्टी भरायची, मग प्रायमर, रंग आणि वरून क्लिअर कोट.

गाडी आली ती आम्ही शटर ओढत असताना. सकाळी नव्हे. तुमच्या तीन दिवसांतला पहिला दिवस तो, आणि त्या दिवशी आम्ही चाकाला हातसुद्धा लावलेला नाही. चाकंही एक नव्हे, दोन निघाली, फुटपाथच्या बाजूची पुढची आणि मागची. दोन्ही डायमंड कट. पुढच्याच्या कडेवर नख फिरवलं तर नख अडकत होतं, इतका खोल चरा. मागचं चाक तर आधी कधीतरी घासलेलं होतं. तिथून पाणी आत शिरून लॅकरखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली, पांढरट नागमोडी रेषा पसरल्या होत्या. ती खरचट नसते सर, ॲल्युमिनियम गंजायला लागलेलं असतं. त्यावर नुसता रंग मारला तर थोड्याच दिवसांत पापुद्रा सुटतो.

हे सगळं मी तुम्हाला गाडीशेजारी उभं राहून दाखवलं. तुम्ही कानाला फोन लावून ‘हो हो, करा’ म्हणालात. त्या ‘हो हो’त ‘संध्याकाळ’ गेली असं मी समजलो, तुम्ही समजला नाहीत. तुमच्याबरोबर आलेल्या वहिनींनी मात्र नीट विचारलं होतं, ‘म्हणजे उद्या नाही मिळणार ना?’ त्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं, नाही मिळणार.

आता डायमंड कटला वेळ का लागतो ते सांगतो, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि तुमच्यासारखी शंका दुसऱ्यालाही येईल. या चाकाची दर्शनी बाजू रंगवलेली नसते. आधी चाक रंगवतात, मग लेथवर चढवून समोरचा पातळ थर कातून काढतात. आतलं चकचकीत ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि त्यावर पारदर्शक लॅकर चढवतात. उन्हात जवळून पाहा, बारीक गोल गोल रेघा दिसतील, त्या कातण्याच्या. त्यामुळे अशा चाकाचा फक्त खरचटलेला तुकडा दुरुस्त करता येत नाही. पुट्टी भरली तर पारदर्शक लॅकरखाली ती राखाडी डाग होऊन दिसते. चरा खोल असेल तर ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगने भरायचा आणि मग अख्खी बाजू पुन्हा कातायची.

त्यासाठी टायर उतरवायचा, हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तो जपून काढायचा, जुना लॅकर आणि रंग पूर्ण उतरवायचा, गंज धातूपर्यंत साफ करायचा. मग प्रायमर, मग खाचांमधला गडद रंग. पावडर कोटिंग, म्हणजे कोरड्या भुकटीचा रंग, असेल तर ते ओव्हनमध्ये 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजावं लागतं. भाजून निघालेलं चाक लगेच लेथवर चढवता येत नाही, कारण तापलेलं ॲल्युमिनियम फुगलेलं असतं. ते सावकाश थंड होऊ द्यायचं. मग लेथचा प्रोब चाकाची बाजू टेकत टेकत मोजतो आणि त्या मापाने कातणं सुरू होतं. एकदम जास्त कातून चालत नाही. दर वेळी धातू कमी होत जातो, त्यामुळे एक चाक आयुष्यात मोजक्याच वेळा कातता येतं. म्हणून आम्ही जेमतेम चरा जाईल एवढंच काढतो. शेवटी लॅकर. तो हाताला लवकर सुकलेला लागतो, पण आतून कडक व्हायला वेळ घेतो. तेवढा वेळ न देता टायर चढवला तर टायर बसवायच्या मशीनचाच ओरखडा उठतो. मग बॅलन्सिंग.

यातली कुठली पायरी गाळून संध्याकाळ गाठायची, ते मला खरंच कळत नाही. गाळणारे आहेत. वाकलेली रिम गॅसची ज्योत मारून सरळ करून देणारेही आहेत. ओतीव अलॉय व्हीलला कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन ताकद आणलेली असते, ती अशा ज्योतीने जाते, हे त्यांनाही ठाऊक असतं. आमच्याकडे ते होत नाही आणि होणारही नाही.

आता तो फोटो. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही न कळवता आलात, मी जेवत होतो. जमिनीवर ठेवलेल्या चाकाचा तुम्ही फोटो काढलात आणि तोच इथे टाकलात, खाली ‘हे बघा यांचं फिनिशिंग’. सर, ते प्रायमर आहे. प्रायमर राखाडी आणि निस्तेजच असतं. त्यावर अजून रंगही चढायचा होता, कातणं तर पुढेच. भिंतीला पुट्टी लावलेली पाहून कोणी रंगाऱ्याला नावं ठेवत नाही. पूर्ण झालेल्या चाकांचे फोटो आम्ही गाडी देताना काढलेत, ते या उत्तरासोबत जोडतो. लोकांनीच बघावं.

तिसऱ्या दिवसाचंही सांगतो, कारण तो दिवस मला जास्त लागलाय. तुमचं काम खरं तर आदल्या रात्री संपत आलं होतं. मागच्या चाकाच्या लॅकरमध्ये धुळीचा एक कण बसला. इतका बारीक, की तुम्हाला बहुधा दिसलाही नसता. ज्या पोराबद्दल तुम्ही ‘काम येत नाही’ लिहिलंत, त्यानेच तो बॅटरीच्या उजेडात पाहिला आणि म्हणाला, असं नाही देता येणार. मग पुन्हा घासणं, पुन्हा लॅकर, पुन्हा वाळवणं. त्याचे जादा पैसे लावलेले नाहीत. मला काय बोलायचं ते बोला, दुकान माझं आहे, ऐकून घेईन. पण दिवसभर पाण्यात पॉलिश पेपर घासून त्याच्या बोटांची सालं निघालेली असतात. ती ओळ त्याने वाचली आणि माझ्याशी काही बोलला नाही.

शेडबद्दल: त्या बाजूची दोन्ही चाकं एकमेकांशी जुळतात, ते गाडी देताना दाखवलं होतं. दुसऱ्या बाजूच्या चाकांवर उन्हाचे आणि ब्रेकच्या काळ्या भुकटीचे थर आहेत, पुढच्यावर जास्त, कारण ब्रेकचा बराचसा भार पुढच्या चाकांवर येतो. नव्याने कातलेलं चाक त्यांच्यापेक्षा उजळ दिसणारच. तसंही गाडीच्या दोन्ही बाजू एका वेळी कोणाला दिसत नाहीत, पण ते असो. पैशांचा आकडा काम सुरू करायच्या आधी लिहून दिला होता, त्यावर सही तुमची आहे.

नटांचा मुद्दा मात्र सोडता येत नाही, तो सुरक्षिततेचा आहे. चाक काढून पुन्हा बसवलं की नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानेच, कंपनीने दिलेल्या मापाने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे असतात. तसेच आवळलेत. तरी 50 ते 100 किलोमीटर गाडी चालल्यावर चाक आपल्या जागी बसतं आणि नटांचा ताण थोडा उतरू शकतो. म्हणून पुन्हा तपासायला बोलावतात. ‘नीट आवळलं नाही म्हणून परत बोलावतात’ हा तुमचा समज बरोबर उलटा आहे. जो बोलावत नाही त्याची काळजी करा.

तुम्हाला गाडीची निकड होती हे मान्य. स्टेपनी लावून गाडी न्या असं सुचवणार होतो, पण चाकं दोन आणि स्टेपनी एक. तीही बारकी, तात्पुरती, ताशी 80 किलोमीटरच्या वर न्यायची नाही असं तिच्यावरच छापलेलं.

यापुढे चाक जवळून पाहिल्याशिवाय फोनवर वेळ सांगायची नाही असं आम्ही ठरवलंय. उशीर होणार असेल तर मेसेज करायचा, पोरांनाही तसं सांगितलंय. बाकीही काही सुधारणा चालू आहेत.

तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. कडक ॲसिडचा व्हील क्लीनर या चाकांवर वापरू नका, साधा शाम्पू आणि मऊ कापड पुरे. आणि गाडी लावताना फुटपाथच्या बाजूचा आरसा थोडा खाली वळवला की कड दिसते. तुमचे टायर कमी उंचीचे आहेत, रिम टायरच्या बाहेर डोकावते, त्यामुळे पहिला घाव तिलाच बसतो. उंच टायरवाल्या गाडीत तो घाव रबरावर निभावतो.

अभिप्राय बदला असं मी म्हणत नाही, स्टार तुमचे आहेत. तो राखाडी फोटो तेवढा काढलात तर उपकार होतील. आणि नट तपासायला नक्की या, कधीही या, त्याला पैसे नाहीत. मी नसलो तर तो पोरगा असेल, पाच मिनिटांचं काम आहे.