एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर : चूक कॅलिबरची की गोळीची

सादर नमस्कार. आपला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि सोबतची छायाचित्रे मोठी करून पाहिली. इतर वाचकांसाठी आपली तक्रार आधी थोडक्यात मांडतो. आपण जून महिन्यात सांगलीतील आमच्या बंदुकीच्या दुकानात आलात आणि टेक्सासमधील चिरंजीवांकडे जाऊन हरणाची शिकार करायची आहे, तर त्यांना कोणत्या कॅलिबरची (म्हणजे नळीच्या आतल्या, इंचांत सांगितल्या जाणाऱ्या व्यासाची) रायफल घ्यायला सांगू, असे विचारलेत. आपल्या मनात .३०-०६ होती, मी .२४३ सुचवली. नोव्हेंबरात दीडशे यार्डांवरून आपण झाडलेली गोळी हरणाच्या खांद्यावर बसली, तरी ते पळाले आणि अंधार पडेपर्यंत शोधूनही सापडले नाही. ‘पोरासोरांची बंदूक माझ्या गळ्यात मारली,’ असे आपण लिहिले आहे. त्याशिवाय, दुकानात काडतूस हातात घेऊ दिले नाही आणि शेतात येणाऱ्या हरणांचा विषय काढताच मी बोलणे तोडले, अशा आणखी दोन तक्रारी आहेत.

गळ्यात मारण्याविषयी एवढेच सांगतो की .२४३ ची रायफल आम्ही विकत नाही, तिची काडतुसेही ठेवत नाही. सल्ला फुकट होता. मात्र फुकटचा सल्ला अर्धवट असला तरी चालतो असे मी मानत नाही, आणि माझा सल्ला अर्धवटच होता.

आपण दिलेल्या तिसऱ्या छायाचित्रात टेबलावर काडतुसांची पेटी दिसते आणि तिच्यावर ५८ ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) असे छापलेले स्पष्ट वाचता येते. हरीण का सापडले नाही याचे बरेचसे उत्तर मला त्या आकड्यात दिसते. १९५५ साली आलेली .२४३ विंचेस्टर ही .३०८ च्या काडतुसाची मान आवळून तयार केलेली कॅलिबर आहे आणि ती मुळातच दोन कामांसाठी बनवली गेली: कोल्ह्यासारख्या लहान जनावरासाठी हलकी गोळी, आणि हरणासाठी ९५ ते १०० ग्रेनची जड गोळी. ५५-५८ ग्रेनच्या गोळ्या पहिल्या कामाच्या. त्या सेकंदाला साडेतीन हजार फुटांहून अधिक वेगाने निघतात, त्यामुळे नळीच्या तोंडाशी त्यांची ऊर्जा १०० ग्रेनच्या गोळीच्या जवळपास भरते आणि पेटीवरचा तक्ता पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. पण हलक्या गोळीचे कवच पातळ असते आणि ती लागताक्षणी फुटावी अशीच तिची घडण असते. कोल्ह्याच्या अंगात तसे फुटणे उपयोगाचे. हरणाच्या खांद्याच्या हाडावर मात्र ती वरच्या वर फुटते, मोठी दिसणारी उथळ जखम करते आणि फुप्फुसापर्यंत पोहोचतच नाही. आपण लिहिलेले वर्णन, म्हणजे केस पडलेले, थोडे रक्त, आणि शंभर पावलांनंतर तेही नाही, याच्याशी तंतोतंत जुळते. १०० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाशी मऊ शिसे उघडे असलेली, गोळी म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमचा ऐवज. आपण वापरलेली पावणेचार ग्रॅमची होती.

मी आपल्याला कॅलिबर सांगितली, गोळीचे वजन आणि प्रकार सांगितला नाही. ज्याने आयुष्यात फक्त एनसीसीची बंदूक चालवली आहे, त्याला दुकानातल्या फळीवर एकाच कॅलिबरच्या दहा पेट्या दिसल्या तर तो कोणतीही उचलणार, आणि चिरंजीवांनी म्हणे स्वस्तातली उचलली. हे मला सुचायला हवे होते. त्या जनावराच्या हालाला माझे अपुरे बोलणे काही अंशी कारण झाले, याचे मला आपल्या एका ताऱ्यापेक्षा जास्त वाईट वाटते.

कॅलिबरच लहान होती, हे मात्र मला मान्य नाही. इंग्लंडच्या १९९१ च्या हरणांविषयीच्या कायद्याने मोठ्या हरणांसाठी किमान .२४० कॅलिबर ठरवून दिली आहे, आणि अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातही मोठ्या शिकारीसाठी खालची मर्यादा .२४ इंचांचीच आहे; .२४३ दोन्हीकडे बसते. टेक्सासमध्ये तर अशी मर्यादाच नाही, फक्त रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारी कमी ताकदीची, काडतुसे हरणासाठी चालत नाहीत. शिवाय तिथले पांढऱ्या शेपटीचे हरीण उत्तरेकडील राज्यांतल्या त्याच जातीच्या हरणापेक्षा अंगाने लहान असते.

.३०-०६ वाईट आहे असे मी म्हटले नव्हते. १९०६ पासून ती वापरात आहे आणि हरणाला ती पुरून उरते. पण आपणच त्या दिवशी सांगितलेत की एनसीसीत एकदा .३०३ चालवली तेव्हा खांदा चार दिवस निळा होता, आणि आता त्याच खांद्याचे दुखणे आहे. सारख्या वजनाच्या रायफलीत .२४३ चा धक्का .३०-०६ च्या साधारण निम्मा असतो. धक्क्याची भीती बसलेला माणूस बार उडण्याआधीच अंग चोरतो, डोळे मिटतो, चाप हिसडतो. मग कॅलिबर कितीही मोठी असो, गोळी पोटात बसते, आणि पोटात गोळी लागलेले जनावर दूर जाऊन कुठेतरी हळूहळू मरते. मोठी कॅलिबर चुकलेला नेम झाकून नेते, हा समज सांगलीतही आहे आणि टेक्सासमध्येही असावा, कारण चिरंजीवांच्या मित्रांनी आपल्याला तेच ऐकवलेले दिसते.

काडतूस हातात न देण्याबद्दल मी दिलगीर नाही. शस्त्र परवाना पाहिल्याशिवाय आम्ही काउंटरवर काहीही ठेवत नाही, मग गिऱ्हाईक ओळखीचे असो वा नसो.

शेतातील हरणांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपला अभिप्राय वाचून दुसऱ्या कोणाचा गैरसमज व्हायला नको. आपली जमीन सागरेश्वर अभयारण्याला लागून आहे आणि तिथली सांबरे, चितळे रात्री उसात, द्राक्षात शिरतात, हे कडेगाव-पलूसकडच्या कोणाला सांगायला नको. आपण विचारलेत की इथे मिळणारी .३१५ हरणाला चालेल का. ती आठ मिलिमीटरची कॅलिबर आहे, .३०३ सारखी लष्करी काडतुसे सामान्य नागरिकांना बंद असल्यामुळे आपल्याकडे रुजली, आणि सांबराएवढे जनावर पाडण्याची ताकद तिच्यात आहे. हे मी त्या दिवशी सांगितले नाही, कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्या देशात हरणाची शिकार गुन्हा आहे, त्यासाठी तुरुंगवास होतो, आणि पीक संरक्षणासाठी मिळालेला शस्त्र परवानादेखील हरणावर गोळी झाडण्याची मुभा देत नाही. नुकसान झाले तर वन विभागाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज करावा. त्यातली दिरंगाई मी जाणतो, माझ्या मामांचा ऊसही त्याच पट्ट्यात आहे. तरीही मी बोलणे जसे तोडले त्यात उद्धटपणा होता. कारण सांगून थांबलो असतो तर बरे झाले असते. त्याबद्दल क्षमा मागतो.

आपण पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा जाणार आहात असे लिहिले आहे, म्हणून राहिलेले आता सांगतो. रायफल बदलू नका. ९५ ते १०० ग्रेनची, पेटीवर हरणासाठी असे नमूद केलेली सॉफ्ट पॉइंट गोळी घ्या. ती पेटी बदलली की दुर्बिणीचा नेमही बदलतो, त्यामुळे शंभर यार्डांवर कागदी लक्ष्यावर नव्याने नेम जुळवा आणि निदान दोन पेट्या तिथेच संपवा. हरीण आडवे उभे असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या मधल्या उंचीवर गोळी घाला. खांद्याच्या हाडावर नको. रायफल टेकवल्याशिवाय आणि शंभर यार्डांपलीकडे झाडू नका. चिरंजीवांना दुसरी रायफल घ्यायचीच असेल तर ६.५ क्रीडमूर पाहावी, तिचा धक्का .३०-०६ हून बराच कमी असतो आणि गोळी .२४३ पेक्षा जड बसते. तिच्यासाठी १२० ते १४० ग्रेनची शिकारीची गोळी घ्यावी, आणि हे वजन या वेळी मी आधीच लिहून ठेवतो आहे.