खाली गाळे, वर फ्लॅट आणि नियोजनाच्या नावानं बोंब

उपनगरातल्या कुठल्याही नव्या 'सगळं एकाच जागी' प्रकल्पाची जाहिरात उघडा. खाली दुकानं, त्यावर ऑफिसं, त्यावर घरं, बाल्कनीत वेली, रस्त्यावर सायकली चालवणारी पोरं. एक गोष्ट मात्र त्या चित्रात कधीच नसते: माल उतरवणारा टेम्पो. अरे, वीस गाळे काढलेत ना? मग त्यांचा माल काय आकाशातून पडणार आहे?

मालाच्या गाडीला साधारण साडेतीन मीटर रुंद, आठ-नऊ मीटर लांब आणि वर चार-सव्वाचार मीटर मोकळी जागा लागते. नकाशात ती दाखवतात बेसमेंटमध्ये. बेसमेंटचा रॅम्प केलेला असतो मोटारींसाठी, उंची जेमतेम सव्वादोन-अडीच मीटर. ट्रक आत जाऊच शकत नाही हे नकाशा काढणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग तो पदपथाला खेटून उभा राहतो, मागे शाळेची बस, तिच्यामागे सगळी रांग हॉर्न बडवत. रोज. आणि शिव्या कुणाला? ड्रायव्हरला.

पण खरा संताप येतो तो गाळ्यांचा. बांधून वर्षानुवर्षं शटर खाली, काचेवर 'भाड्याने देणे आहे'. बिल्डर म्हणतो बाजार मंद आहे. बाजाराला कशाला दोष देता, गाळाच निकामी बांधलाय. इमारतीचे खांब बसवलेले असतात फ्लॅटच्या भिंतींच्या आणि पार्किंगच्या हिशेबानं. वरच्या बेडरूमच्या कोपऱ्यातला खांब सरळ खाली येतो आणि दुकानाच्या मधोमध उभा राहतो. हे टाळायचं तर पहिल्या मजल्याखाली जाडजूड ट्रान्स्फर बीम घालून वरचा भार बाजूच्या खांबांवर न्यावा लागतो. त्याला लोखंड लागतं, काँक्रीट लागतं. म्हणून नको!

उंचीचंही तेच. फ्लॅटला तीन मीटर पुरतात म्हणून दुकानालाही तीन. त्यातून 45 सेंटिमीटरचा बीम वजा करा, त्याखालून जाणारा 30 सेंटिमीटरचा एसीचा डक्ट वजा करा, हातात उरतात सव्वादोन मीटर. शिवाय वरच्या संडास-बाथरूमचे पाइप छतालगत फिरवलेले, ते वेगळेच. दुकानाला स्लॅब ते स्लॅब निदान साडेचार मीटर हवेत. हे पाया खणायच्या आधी ठरतं. नंतर छत वर ढकलता येत नाही.

आणि तो धुराचा शाफ्ट! खानावळ येणार म्हणून जाहिरातीत टेबलं मांडलीत, पण स्वयंपाकघराचा धूर जाणार कुठून? त्याला तळमजल्यापासून गच्चीपर्यंत स्वतंत्र डक्ट लागतो. दोन फूट बाय दोन फूट डक्ट आणि भोवती आगरोधक भिंत, म्हणजे प्रत्येक मजल्यावर अंदाजे नऊ चौरस फूट जागा. एवढीशी जागा विकता येत नाही म्हणून शाफ्टच खोडून टाकतात. मग दोनच गोष्टी होतात. एक तर खानावळ येतच नाही. किंवा येते आणि मागच्या झरोक्यात पंखा लावून तळणाचा वास दुसऱ्या मजल्याच्या बेडरूममध्ये सोडते. रहिवासी तक्रार करतात, खानावळ बंद पडते, गाळ्याचं गोदाम होतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर, आणि ज्यानं शाफ्ट खाल्ला तो पुढच्या प्रकल्पाचं भूमिपूजन करतोय.

ग्रीस ट्रॅपचं तर नावच काढू नका. गरम चरबी मोरीतून पातळ जाते आणि ड्रेनेजच्या गार पाइपात थिजते. बाहेर चेंबर करून ती अडवायची असते, आणि तरंगणारं तूप-तेल अधिक तळाचा गाळ मिळून चेंबर पाव भरला की उपसायची असते. चेंबर नसला की सामाईक लाइन तुंबते आणि सगळ्यांत खालच्या घराच्या बाथरूममधून मैला वर येतो. त्या घरानं ना काही तळलेलं, ना काही सांडलेलं.

घरांच्या मधल्या मजल्यावर जिम देणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. वजन आपटलं की आवाज हवेतून नाही, स्लॅबमधून खांबांत आणि खांबांतून चार घरांत जातो. फॉल्स सीलिंग लावून तो थांबत नाही. रबर किंवा स्प्रिंगवर तरंगती फरशी घ्यावी लागते, नाहीतर सरळ जमिनीवर, खाली बेसमेंट नसलेल्या जागी जिम द्यावी.

आता 'बाजार पाच मिनिटांत चालत'. पाच मिनिटं म्हणजे साधारण 400 मीटर, आणि ते नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले. प्रत्यक्षात मधे कंपाउंडची भिंत, गेट एकच, तेही उलट्या बाजूला. 400 मीटरचे सव्वा किलोमीटर होतात आणि माणूस मुकाट गाडी काढतो. भिंतीत एक फाटक ठेवलं असतं तर? सुरक्षेचा प्रश्न येतो म्हणे. गेटबाहेर सहापदरी रस्ता, साडेतीन मीटरची एक लेन धरली तर 21 मीटर. सिग्नल लावताना चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरला तर साडेसतरा सेकंद मिळतात. काठी टेकत 0.8 च्या वेगानं जाणारी आजी तेवढ्यात 14 मीटर जाते, म्हणजे बरोबर चार लेन. उरलेल्या दोन लेनमधून गाड्या सुटतात तिच्या अंगावर.

पावसाचा हिशेब तर शाळकरी पोरानं करावा. एक हेक्टर जमिनीवर तासाला 50 मिलिमीटर पडला तर पाच लाख लिटर पाणी. शेत असताना त्यातलं समजा 20 टक्के वाहून जायचं, एक लाख लिटर. काँक्रीट झाल्यावर 90 टक्के, साडेचार लाख. बाहेरचं गटार मात्र शेताच्या काळातलंच. साठवण टाकी बांधून पाणी हळूहळू सोडायची सोय हवी, ती असते फक्त अर्जात.

आणि हे सगळं होतं टप्प्याटप्प्यानं. पहिल्या टप्प्यात घरं, कारण ती लगेच विकली जातात. दुसऱ्यात दुकानं, तिसऱ्यात ऑफिसं. दुसरा लांबतो, तिसऱ्याच्या जागी 'बदलत्या मागणीनुसार' आणखी घरं. पण वाहतूक अहवालात आधीच सूट घेतलेली असते, की इतके लोक आतल्या आत कामाला जातील, बाहेरचा रस्ता वापरणारच नाहीत. ऑफिस उडालं, सूट तशीच! वर शेजारच्या तीन प्रकल्पांच्या गाड्या शून्य धरलेल्या. मग कोंडी झाली की रस्ता रुंद करा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच मांडलं होतं की शहरात ये-जा करण्याच्या द्रुतगती मार्गांवर गर्दीच्या वेळची वाहतूक रस्त्याची क्षमता भरेपर्यंत वाढतच जाते. रुंदीकरणवाल्यांच्या कानावर अजून गेलेलं दिसत नाही.

दुकानं, माल उतरवायची जागा आणि गटारजोडणी झाल्याशिवाय शेवटच्या टॉवरला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची परवानगी) देऊ नका, एवढी अट घालायला काय जातं? आणि बुकिंग करणाऱ्यांनो, नमुना फ्लॅटमधला सोफा नंतर बघा. आधी सेक्शन ड्रॉइंग, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारा नकाशा, मागा: तळमजल्याची उंची किती, शाफ्ट गच्चीपर्यंत जातो का, ट्रक कुठे वळतो. नाही म्हणाले तर 'नाही' एवढंच सहीनिशी लिहून मागा. बघा देतात का.