‘ओझी गेला, बँड संपला’ हे कोणी सांगितलं बे?

२०२५ च्या जुलैत ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या बँडचा गायक ओझी ऑस्बॉर्न वारला तेव्हापासून एक पोस्ट फिरायलीय, आपल्या सोलापुरात तर गिटार क्लासच्या पोरांपासून डॉल्बीवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला लागून झाली. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं, की ब्लॅक सॅबथ हा सैतानाची पूजा करणारा बँड, वाजवायला धड येत नव्हतं म्हणून नुसता धडामधुडूम आवाज, स्टेजवर वटवाघळाचं मुंडकं चावून फेमस झाले, १९७९ ला ओझीला काढलं तिथंच बँड संपला आणि पुढची सगळी वर्षं नाव विकून खाल्लं. मला तीन वेगळ्या लोकांनी पाठवली आणि तिघांनी वर ‘लै भारी माहिती’ असं लिहिलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

वटवाघळाचं आधी उरकतो कारण त्यात काही दम नाही. ते झालं २० जानेवारी १९८२ ला, अमेरिकेत डे मॉइन गावात, आणि शो ओझीचा स्वतःचा सोलो होता. पब्लिकमधनं कोणीतरी फेकलं, रबराचं वाटलं म्हणून चावलो असं तोच सांगायचा, मग रेबीजची इंजेक्शनं घेत बसला. सॅबथमधनं बाहेर पडून त्याला पावणेतीन वर्षं झाली होती. म्हणजे ज्या बँडमध्ये माणूस नाही त्या बँडला त्याच्या तोंडातलं वटवाघूळ चिकटवलं.

आता सैतान. बँडचं नाव आलं कुठनं, तर १९६३ च्या एका भुताच्या पिक्चरवरनं. आधी त्यांचं नाव ‘अर्थ’ होतं पण त्याच नावाचा दुसरा बँड निघाला. लोक घाबरायला पैसे देऊन थेटरात जातात तर मग घाबरवणारं म्युझिक का करू नये, एवढाच हिशोब. गीझर बटलर, बेस वाजवणारा, बहुतेक गाणी त्यानंच लिहिली, त्याला तरुणपणी काळ्या जादूच्या पुस्तकांचा नाद होता हे खरंय, नाकारत नाही. पण तो कट्टर कॅथलिक घरातला पोरगा, आणि १९७१ च्या ‘आफ्टर फॉरेव्हर’मध्ये तोच सरळ सरळ देवाच्या बाजूनं बोलतोय. ‘वॉर पिग्ज’ ऐका, त्यात सैतान आहे पण तो कोणावर हसतोय तर युद्ध लावून स्वतः लपून बसणाऱ्या पुढाऱ्यांवर, गरिबाची पोरं मरायला पाठवणाऱ्यांवर. व्हिएतनाम चालू होतं तेव्हा. पहिल्या अल्बमच्या कव्हरच्या आत उलटा क्रॉस छापला तो कंपनीनं, बँडला विचारलंसुद्धा नव्हतं. गळ्यातले क्रॉस तर ओझीच्या वडलांनी कारखान्यात बनवून दिलेले.

आणि ती दोन बोटांची खूण, जी बघून पोस्टवाला म्हणतोय ‘सैतानाचा इशारा’, ती मेटलमध्ये (म्हणजे हे असलं जाड, भारी आवाजाचं रॉक) पसरवली रॉनी जेम्स डिओनं, जो ओझीनंतर सॅबथमध्ये गायला आला. तो सांगायचा की ही खूण त्यानं त्याच्या इटालियन आजीकडनं उचलली, ती वाईट नजर लागू नये म्हणून करायची. आपल्याकडं आज्जी मीठमोहऱ्या उतरवते तसं. म्हातारी दृष्ट काढत होती आणि लोकांनी तिला सैतानाच्या पार्टीत टाकलं!

‘वाजवायला येत नव्हतं’ हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. बँडचा गिटारवाला टोनी आयोमी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातला, सगळा कारखान्यांचा एरिया. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवसापासून बँडबरोबर बाहेर जायचं ठरलेलं. त्या दिवशी मशीनवरचा नेहमीचा माणूस आला नाही म्हणून याला बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टर म्हणाले गिटार विसर. कारखान्याचा फोरमन घरी आला आणि जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवाल्याची रेकॉर्ड देऊन गेला, ज्याची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तरी तो तसा वाजवत होता. मग या गड्यानं भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, बोटाच्या मापाची टोपी बनवली, घासून घासून गुळगुळीत केली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. साध्या तारा दाबताना दुखायचं म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून गिटार तीन सेमीटोन (म्हणजे सुराच्या तीन छोट्या पायऱ्या) खाली उतरवून तारा सैल केल्या. त्या सैल तारांचा जो जाड, खाली बसलेला आवाज आला ना, त्याच्यावर पुढं अख्ख्या मेटलचं दुकान चाललंय. अशोक चौकाच्या पलीकडं पूर्व भागात जाऊन यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या कुठल्याही माणसाला ही गोष्ट सांगा, त्याला एका वाक्यात कळतीय. ज्याचं बोट मशीनमध्ये गेलंय त्याला ‘येत नव्हतं’ असं म्हणायला जीभ रेटत नाही.

बरं, येत नव्हतं तर पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये जवळजवळ एका दिवसात कसा रेकॉर्ड झाला? चौघं खोलीत उभं राहून लाइव्ह वाजवून मोकळे. १३ फेब्रुवारी १९७० ला आला आणि इंग्लंडच्या चार्टला आठव्या नंबरला गेला, त्याच वर्षी दुसरा ‘पॅरानॉइड’ एक नंबरला. ‘पॅरानॉइड’ हे गाणंच मुळात जागा भरायला म्हणून पटकन केलेलं. बिल वॉर्ड जॅझ ऐकून वाढलेला ड्रमर, ते त्याच्या हातात ऐकू येतं, पण त्यासाठी पोस्ट सोडून गाणं ऐकावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, ओझी गेला आणि बँड संपला. एप्रिल १९७९ मध्ये त्याला काढलं, आणि ते सांगायची वेळ त्याचा जिगरी दोस्त बिल वॉर्डवरच आली. नशा सगळेच करायचे, ओझीचं पार हाताबाहेर गेलेलं. पण आकडे बघा की. ओझीचे त्या काळातले शेवटचे दोन अल्बम, १९७६ चा आणि १९७८ चा, इंग्लंडमध्ये १३ आणि १२ नंबरवर अडकले. डिओबरोबरचा १९८० चा ‘हेवन अँड हेल’ ९ वर. त्याच्यानंतरचा गायक इयान गिलनबरोबरचा १९८३ चा ‘बॉर्न अगेन’ ४ वर, १९७३ नंतर इतक्या वर त्यांचा एकही अल्बम गेला नव्हता. संपलेला बँड असा वर चढतो होय? (‘बॉर्न अगेन’चा आवाज गोधडीतनं आल्यासारखा आहे आणि टूरला स्टोनहेंजचा (इंग्लंडमधले ते उभे जुने दगड) सेट इतका मोठा बनवला की स्टेजवर मावेना, ते वेगळं.) माझं मत विचाराल तर ‘हेवन अँड हेल’ हा ओझीच्या १९७८ च्या ‘नेव्हर से डाय’पेक्षा कितीतरी जिवंत अल्बम आहे, ओझीच्या भक्तांनी खुशाल शिव्या घालाव्यात.

एकूण १९ स्टुडिओ अल्बम. ओझी ९ वर, १० त्याच्याशिवाय. १९ च्या १९ वर असलेला माणूस एकच, टोनी आयोमी.

‘नाव विकून खाल्लं’ याच्यात थोडं तथ्य आहे, पण विकणारा कोण ते पोस्टवाल्यानं बघितलं नाही. १९८६ चा ‘सेव्हन्थ स्टार’ आयोमीला स्वतःच्या नावावर काढायचा होता, कंपनीनं सॅबथचं नाव लावायला लावलं. पुढं टोनी मार्टिन गायला आला, पाच अल्बम गायला, त्यातला १९८९ चा ‘हेडलेस क्रॉस’ एकदा रात्री हेडफोन लावून ऐका, मग बोलू. १९९५ चा ‘फॉरबिडन’ ऐकू नका, तिथं मी कोणाची बाजू घेणार नाही.

आणि २०१३ चा ‘थर्टीन’ पैशासाठी होता म्हणे. आयोमीला २०१२ च्या सुरुवातीला लिम्फोमा नावाचा कॅन्सर निघाला, ट्रीटमेंट चालू असताना अल्बम केला. इंग्लंडमध्ये एक नंबर, ‘पॅरानॉइड’नंतर जवळजवळ ४३ वर्षांनी, आणि अमेरिकेत तर आयुष्यात पहिल्यांदाच एक नंबर. टीका करायचीच तर बिल वॉर्डवरनं करा, कराराच्या भांडणात त्याला बाहेर राहावं लागलं आणि ड्रम दुसऱ्याच्या हातात गेले, ते मलाही पटलेलं नाही. तो परत त्यांच्यात दिसला ५ जुलै २०२५ ला, अ‍ॅस्टनमध्येच व्हिला पार्क स्टेडियमवर, चौघंही एका स्टेजवर, ओझी खुर्चीत बसून गायला. त्या कार्यक्रमाचा पैसा पार्किन्सन्स या आजाराच्या कामाला आणि लहान मुलांच्या हॉस्पिटलला आणि हॉस्पिसला (बरं न होणाऱ्या आजारातल्या पोरांची काळजी घेणारी जागा) द्यायचं आधीच जाहीर केलेलं होतं. सतरा दिवसांनी ओझी गेला, आणि पोस्टवाला लगेच कामाला लागला.