मॅथ्स सोडायचं की बायो? अकरावीच्या फॉर्मवर टिक करण्याआधी

दहावीचा निकाल लागला की पेढे संपायच्या आत घराघरात प्रश्न येतो: "सायन्स ठरलं, पण ग्रुप कुठला?" मावशी म्हणते, दोन्ही ठेव, दोन्ही दारं उघडी राहतील. काका म्हणतात, पोराला गणित जमत नाही तर बायो घेऊन डॉक्टर होऊ दे. आणि शेवटी कॉलेजच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहून, मागच्याचा धक्का खात, दोन मिनिटांत टिक केली जाते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मेडिकल नक्की ठरलेलं नसेल, तर बायो सोडा. मॅथ्स सोडू नका. आणि दोन्ही ठेवायचे असतील तर कशासाठी, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "बघू पुढे" हे ते वाक्य नव्हे.

आधी फॉर्मचं गणित. महाराष्ट्र बोर्डाची बारावी ६०० गुणांची, सहा विषयांची. इंग्रजी सक्तीचं. दुसऱ्या भाषेच्या जागी मराठी, हिंदी, संस्कृत, आणि बऱ्याच कॉलेजांत आयटीसुद्धा. मग फिजिक्स, केमिस्ट्री. उरल्या दोन जागा. त्यात मॅथ्स आणि बायो दोन्ही घेतले की पीसीएमबी. एकच घेतला तर सहावा विषय शोधावा लागतो, बहुतेक वेळा भूगोल किंवा कॉलेजात जे मिळेल ते. बायफोकल घेतलं (कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स वगैरे) तर ते एकटंच २०० गुणांचं असतं आणि दुसरी भाषा व एक विषय अशा दोन जागा खातं. कितीतरी मुलं पीसीएमबी घेतात ती निव्वळ सहाव्या विषयाचा पर्याय कॉलेजात नाही म्हणून, आणि पालक समजतात की मुलानं विचार करून दोन्ही दारं उघडी ठेवलीत!

आता दारं मोजू. बायोशिवाय बंद होतात ती मुख्यतः नीटची दारं: एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, व्हेटर्नरी, आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपीसुद्धा. शिवाय नर्सिंग. मोठी दारं आहेत, वाद नाही. मॅथ्सशिवाय बंद होणारी यादी मात्र लांबत जाते. जेईई आणि त्यामागच्या आयआयटी, एनआयटी. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून होणारं इंजिनिअरिंग. आर्किटेक्चर, कारण तिथे फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागतात. मर्चंट नेव्हीचा डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) कोर्स. एनडीएमधलं हवाई दल आणि नौदल. एनडीएच्या भूदलासाठी बारावीला कुठलीही शाखा चालते खरी, पण लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत, ते कुणालाच चुकत नाहीत. आयएसआयचं, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं, बी.स्टॅट. डेटा सायन्सच्या नावानं निघालेल्या बऱ्याचशा पदव्या. बी.फार्म आणि बी.एस्सी. ॲग्री या दोन ठिकाणी मॅथ्स किंवा बायो, काहीही चालतं. हे न कळल्यामुळे "फार्मसीला जायचंय म्हणून बायो घेतलं" असं म्हणणारी मुलं दरवर्षी भेटतात.

दुसरी गोष्ट, बायोचं दार आता मागूनही उघडतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्ट केलं की बारावी झाल्यावर बायो अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डाकडून पास केलं तरी नीटला बसता येतं. पूर्वी ही सोय नव्हती. बोर्डाला मॅथ्ससुद्धा असं नंतर देता येईल, पण इथे अडचण कागदाची नाही. बायोचा एक धडा दुसऱ्यावर फारसा अवलंबून नसतो. जेनेटिक्स कच्चं राहिलं तरी इकॉलॉजी समजते. मॅथ्समध्ये ट्रिगो कच्चं तर इंटिग्रेशन कच्चं, इंटिग्रेशन कच्चं तर डिफरन्शियल इक्वेशन गेलंच. दोन वर्षं सुटलेलं मॅथ्स एका वर्षात उभं करणारी मुलं विरळा.

"गणिताची भीती वाटते म्हणून बायो" हा निर्णय तर मला सगळ्यात महागात पडणारा वाटतो. नीट ७२० गुणांची, १८० प्रश्न, १८० मिनिटं. निम्मे गुण बायोचे, ३६०. उरलेल्या निम्म्यात फिजिक्स १८० आणि केमिस्ट्री १८०. बायोत ३२०-३३० घेणारी मुलं भरपूर असतात. चांगल्या सरकारी कॉलेजची जागा ठरते ती फिजिक्सवर. आणि फिजिक्स म्हणजे गणितच, वेगळ्या कपड्यातलं. एक साधा नमुना केमिस्ट्रीतलाच घ्या: ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? २ गुणिले १० चा उणे ३ वा घात असं लिहायचं, लॉग २ म्हणजे ०.३० हे पाठ असायला हवं, ३ वजा ०.३०, उत्तर २.७०. जमणाऱ्याला वीस सेकंद. लॉगला घाबरणारा तिथे दोन मिनिटं घालवतो आणि वर उणे १ घेऊन येतो. बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरला निदान लॉग टेबल वापरता येतं. नीटमध्ये ना लॉग टेबल, ना कॅल्क्युलेटर. ज्यांनी मॅथ्स सोडलंय त्यांनी अकरावीच्या पहिल्या महिन्यातच लॉग, व्हेक्टर, साधं डेरिव्हेटिव्ह आणि साधं इंटिग्रेशन एवढं वेगळं बसून शिकून घ्यावं. फिजिक्सचे सर ते शिकवतील या भरवशावर राहू नये, ते "मॅथ्समध्ये झालंय ना?" म्हणून पुढे जातात.

पीसीएमबी कुणी घ्यावं? एक खरं कारण आयसर, म्हणजे मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था. पुण्यासह सगळ्या आयसरच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो प्रत्येकी १५. बारावीला चारपैकी तीन विषय असले की अर्ज करता येतो, पण प्रश्न चारही विषयांचे येतात. नायसर आणि मुंबईच्या कालिना इथली सीईबीएस या अशाच दोन संस्थांसाठी नेस्ट नावाची जी परीक्षा होते, तिथे चारपैकी सर्वोत्तम तीन विभाग धरतात. मूलभूत विज्ञानाची खरी ओढ असलेल्या मुलाला चारही विषयांचे कष्ट सार्थकी लागतात. दुसरं कारण, खरोखर ठरलेलं नाही आणि ते ठरवायला तीन-चार महिने हवेत. हेही मान्य. पण मग दिवाळीची तारीख घाला. दिवाळीच्या सुट्टीआधी जेईईच्या पातळीची गणितं आणि नीटच्या पातळीचे बायोचे प्रश्न दोन्ही तीन-तीन तास सोडवून बघा आणि एक बाजू धरा. नीट-जेईई दोन्हींची पूर्ण तयारी दोन वर्षं चालवणं म्हणजे दोन डगरींवर पाय.

आणि इथे एक गोम आहे. पीसीएमबीवाला जेव्हा "मी मॅथ्स सोडलं" म्हणतो, तेव्हा त्यानं फक्त क्लास सोडलेला असतो. बोर्डात ते तसंच असतं. प्रॅक्टिकलचे २० धरून १०० पैकी ३५ मिळवावेच लागतात, नाहीतर नीटमध्ये कितीही गुण पडोत, बारावी नापास. फेब्रुवारीत अशा मुलांची जी धावपळ होते ती बघवत नाही. सोडायचंच असेल तर अकरावीतच कॉलेजला अर्ज देऊन विषय बदलून घ्या. बारावीचा बोर्डाचा फॉर्म गेला की संपलं.

आता सगळ्यात कमी बोललं जाणारं प्रकरण: पुस्तकांची वाटणी. नीट आणि जेईई चालतात एनसीईआरटीच्या (सीबीएसईच्या शाळांत वापरतात त्या पुस्तकांच्या) चालीनं, आपलं बोर्ड चालतं आपल्या चालीनं. एनसीईआरटीत रोटेशनल मोशन, फ्लुइड्स, थर्मोडायनामिक्स, कायनेटिक थिअरी, ऑसिलेशन्स हे सगळं अकरावीत. आपल्या बोर्डात ते बारावीच्या पुस्तकाचे पहिले पाच धडे. बायोमध्ये श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्था एनसीईआरटीला अकरावीत, आपल्याकडे बारावीत. त्यामुळे होतं काय, क्लासमध्ये ऑगस्टमध्ये रोटेशन चालू, कॉलेजात युनिट्स अँड मेजरमेंट्स, आणि मुलाला वाटतं आपणच मंद. मंद नाही बाबा, दोन गाड्या दोन रुळांवर आहेत. उपाय म्हणजे अकरावीच्या जूनमध्येच दोन्ही अनुक्रमणिका समोरासमोर ठेवून एका कागदावर जुळवणी करणं. एका दुपारचं काम आहे. उलटंही असतं: बोर्डाच्या मॅथ्समध्ये मॅथेमॅटिकल लॉजिक आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग आहे, जे सध्याच्या जेईई मेनमध्ये नाही. म्हणून जेईईचे क्लास ते ओलांडून जातात. पण बोर्डात ते हमखास गुण देणारे धडे आहेत आणि सीईटीतही येतात.

सीईटीचंही सांगून टाकतो. पीसीएममध्ये मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, तेवढ्याच वेळात. म्हणजे २०० पैकी १०० एकट्या मॅथ्सचे. साधारण २० टक्के भार अकरावीच्या ठरावीक धड्यांवर, ८० टक्के बारावीवर, तोही आपल्या बोर्डाच्या पुस्तकांवर. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं गुन्हा. पीसीबीच्या मुलांनाही सीईटीचा वेगळा ग्रुप आहे, आणि पीसीएमबीवाला दोन्ही ग्रुप देऊ शकतो. फी मात्र दोन्ही ग्रुपची.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी: नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात. जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी-हिंदीत. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मराठीतून मिळतं, मॅथ्स मात्र इंग्रजीतच. माझा सल्ला, पेपर इंग्रजीतूनच द्या, कारण भाषांतरात शंका आली तर नीटमध्ये इंग्रजी प्रत ग्राह्य धरतात. पण समजून घेताना बेलाशक मराठीत घ्या. जडत्व आघूर्ण म्हटल्यावर डोळे पांढरे होत असतील तर मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणा, काही बिघडत नाही.

मग तो ७५ टक्क्यांचा सापळा. जेईई मेन देण्यासाठी ती अट नाही, पण आयआयटी-एनआयटीत प्रवेश घेताना बारावीला ७५ टक्के (एससी-एसटीसाठी ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. हे टक्के पाच विषयांचे: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा, आणि उरलेल्यांतला सर्वाधिक गुणांचा एक. समजा कुणाला ६८, ७०, ६२, इंग्रजीत ५८ आणि आयटीत ८८ मिळाले. बेरीज ३४६, म्हणजे ६९.२ टक्के. २९ गुण कमी. यातले १४ एकट्या इंग्रजीत सापडतात, ५८ चे ७२ केले की, आणि त्यासाठी पत्रलेखन, समरी, व्याकरण एवढं महिनाभर रोज अर्धा तास पुरतं. उरलेले १५ तीन विषयांत पाच-पाच. पण इंटिग्रेटेड कॉलेजांत (जिथे कॉलेज आणि क्लास एकत्रच चालतात) इंग्रजीचा तास म्हणजे डुलकीचा तास, आणि सहावा विषय कुठला घेतला हे मुलाला डिसेंबरात कळतं. म्हणून म्हणतो, मॅथ्सवाल्यानं दुसऱ्या भाषेच्या जागेचा विषय आणि सहावा विषय "सोपा" बघण्यापेक्षा गुण देणारा बघावा. आयटीची परीक्षा संगणकावर होते आणि अभ्यास आटोक्यात असतो. संस्कृत ज्यांचं दहावीला पक्कं होतं त्यांनी ते सोडूच नये.

प्रॅक्टिकलचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोला प्रत्येकी ३० गुण आहेत, आणि ते जर्नल वेळेवर सही करून घेण्यावर बरेचसे ठरतात. यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

कॉमर्सच्या मंडळींनी रुसू नये. तुमच्याकडे हाच प्रश्न मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) असा येतो. एसपीत गुण पडतात, खरं आहे. पण सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर १०० गुणांचा आहे, त्यात बिझनेस मॅथ्स ४०, स्टॅट्स ४०, लॉजिकल रीझनिंग २०, आणि चुकीला पाव गुण वजा. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला जायचं तर सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत मॅथ्स घ्यावंच लागतं. तेव्हा एसपी घेणाऱ्यानं ही दोन दारं आधी बघून घ्यावीत.

शेवटचं, अगदी कारकुनी काम. प्रवेशाच्या पावतीवर आणि नंतर बारावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर विषयांची नावं न वाचता कोड वाचा: फिजिक्स ५४, केमिस्ट्री ५५, बायो ५६, सायन्सचं मॅथ्स ४०, कॉमर्सचं मॅथ्स ८८. ऑफिसात एका वर्गाचे शंभर-सव्वाशे फॉर्म एका बैठकीत भरले जातात, मागच्या मुलाचा ग्रुप पुढच्याला चिकटतो, आणि ते लक्षात येतं हॉल तिकीट हातात पडल्यावर. प्रीलिस्ट (भरलेल्या फॉर्मची तपासणीसाठी येणारी यादी) सहीला आली की मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा, आणि सही करण्याआधी आई किंवा बाबांपैकी एकानं तरी ते आकडे बोट ठेवून वाचावेत.