गुरुजींचा धुरकरी कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींच्या जुन्या रोजनिशीवर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली. पण दप्तर पुन्हा काढून बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून उशीर झाला. तुमचे आक्षेप तीन आहेत. गुरुजींच्या रोजनिशीतला धुरकरी, म्हणजे बैलगाडी हाकणारा, म्हणून मी ज्याचं नाव दिलं, तो माणूस कोतवाल बुकाप्रमाणे, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीप्रमाणे, १९१८ सालीच वारला. मग १९२१ च्या नोंदीत दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, हाकतो कोण? दुसरं, ‘दर्यापूरचे मामा’ म्हणजे गुरुजींचे सासरे, हा माझा निव्वळ अंदाज आहे. आणि तिसरं, अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांसारख्या मोठ्या माणसांच्या रोजनिश्या असताना गाडीवान आणि पाणी भरणाऱ्या बाया हुडकून हाती काय लागणार?

पहिला आक्षेप पूर्ण बरोबर आहे. चूक माझी आहे.

१९१८ च्या दिवाळीच्या आगेमागे मानमोडीनं, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीनं, वऱ्हाडातली गावंच्या गावं झोपवली. आमच्या गावच्या कोतवाल बुकात त्या दिवसांची पानं बघवत नाहीत. मोडीतल्या ओळीखाली ओळ, आणि मरणाचं कारण सगळीकडे एकच, ‘ताप’. त्यात हे नाव आहे. मी मात्र रोजनिशीतल्या १९१६ च्या नोंदीवरून नाव जुळवलं आणि पुढची वर्षं ताडून पाहिली नाहीत. तुम्ही बोट ठेवल्यावर लक्षात आलं की एकाच नावाचे दोघे असणार. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, आणि दोन भाऊ वेगळे निघाले असले तर दोघांच्याही घरी तेच नाव असतं. म्हणजे बापाचं नाव पाहिल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही. कोतवाल बुकातली जन्माची नोंद तिथे उपयोगी पडली नाही, कारण तिच्यात पोराचं नाव नसतंच. अमक्याला मुलगा झाला, एवढंच असतं.

मग शाळेत जाऊन जुनं दाखल-खारीज रजिस्टर उघडून घेतलं. वाळवीनं कडा खाल्ल्यात, पण मधला मजकूर शाबूत आहे. तेच नाव, बाप दुसरा. मेला त्याचा हा चुलतभाऊ. दुसरीतून नाव कमी झालेलं, आणि शाळा सोडण्याच्या कारणात लिहिलंय, ‘गुरे राखण्यास’. अक्षर गुरुजींचं आहे. रोजनिशीत ते ‘र’ला जसा खाली लांब झोक देतात, तसाच इथेही आहे. म्हणजे ज्याचं नाव गुरुजींनी स्वतःच्या हातानं शाळेतून काढलं, तोच पुढे त्यांना दमणीत बसवून मूर्तिजापूरच्या स्टेशनावर नेत होता. पुढच्या नोंदींत त्याला ते कुठेही नावानं लिहीत नाहीत, फक्त ‘धुरकरी आला’, ‘धुरकऱ्यास ज्वारी दिली’. ही ज्वारीची नोंद मी आता वेगळ्या नजरेनं वाचतो. तुम्ही हटकलं नसतं तर हे सापडलं नसतं. मूळ लेख दुरुस्त केलाय.

मामांच्या बाबतीत मात्र मी मागे सरत नाही. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे आणि सासऱ्याला मामाजी म्हणायचीही, त्यामुळे नुसत्या ‘मामा’ या शब्दावरून काहीच ठरत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पण १९२० साली अधिक महिना आला होता, आणि त्या महिन्यातली नोंद अशी आहे: ‘दर्यापूरचे मामांकडून अनारसे ३३ व धोतरजोडी आली.’ धोंड्याच्या महिन्यात तेहतीस अनारशांचं वाण जावयालाच जातं, भाच्याला कोणी पाठवत नाही. सख्खे मामाच सासरे झाले असतील, हेही शक्य आहे. पण सासरे तर ते नक्कीच.

आता खापर्डे. दादासाहेबांची रोजनिशी इंग्रजीत आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहे, आणि तिच्यावर काम व्हायलाच हवं. पण तिच्यातही हाच पेच पडतो. १९११ च्या डिसेंबरात ते शिर्डीला गेले, तिथे त्यांना उपासनी शास्त्री भेटतात. उपासनी पूर्वी अमरावतीत वैद्यकी करत. पुढे साकोरीचे उपासनी महाराज म्हणून नाव झालं, म्हणून आज त्यांची ओळख पटवायला कोणाला कष्ट पडत नाहीत. समजा ते अमरावतीतच वैद्यकी करत राहिले असते? तर रोजनिशीत ते ‘कोणी एक वैद्य’ म्हणूनच उरले असते, आणि आपण त्यांच्यावरून पुढे गेलो असतो. पुढे मोठा झाला त्याला शोधायचं आणि बाकीच्यांना सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. गुरुजींचा दिवस ज्यांच्या हातांवर चालला, ती माणसं त्यांच्या लिखाणाइतकीच त्या रोजनिशीत आहेत.

पाणी भरणारी बाई मला अजून सापडलेली नाही. तुम्हीही खारपाणपट्ट्यातलेच, तेव्हा गोड्या पाण्याची एक घागर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गावातल्या विहिरीचं पाणी मचूळ, डाळ शिजत नाही. ही बाई नदीपलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायची. गुरुजी तिला ‘गोडे पाणीवाली’ लिहितात, चार वर्षांत सात वेळा. शेवटची नोंद अशी: ‘गोडे पाणीवाली आजपासून येणार नाही.’ का, ते लिहिलेलं नाही. कोतवाल बुकात बायांच्या नोंदी ‘अमक्याची बायको’ अशाच असल्यानं तिथे वाट बंद होते.

तुम्ही लिहिलंय की तुमचं आजोळ नदीपलीकडे आहे. तिकडे गावाबाहेर चिंचेखाली एक जुनी बांधीव विहीर आहे, आता तिच्यात झुडपं वाढलीत. आजोळी कोणी ऐंशीच्या वरचं माणूस असेल तर एवढं विचारा, की त्या विहिरीवर अलीकडच्या गावातून कोण पाणी भरायला यायचं, आणि पलीकडच्यांनी ते कधी बंद केलं होतं का. मी पोळा झाला की तहसीलला नकला काढायला जाणार आहे. तुम्हाला मोडी वाचता येत असेल तर सोबत या, दोन डोळे जास्त हवेत.