शिट्टी वाजवायची की नाही, ठरवा एकदाचं!

अमेरिकन फुटबॉलमधला ऑफसाइड! डाव सुरू होण्याआधीच बचावपटू रेषा ओलांडून घुसला, पंचांचा पिवळा रुमाल, म्हणजे दंडाची खूण, पडला. पुढे काय? देव जाणे! तो क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, अंगावर मोकळा सुटलाय असं पंचांना वाटलं तर शिट्टी, खेळ बंद, 5 यार्ड. समोरचा गडी नुसता दचकला तरी शिट्टी. नाहीतर फुकटचा डाव: लांब फेका, झेलला तर आपला, बचावानं पळवला तर दंड घ्या नि पुन्हा खेळा. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सनं तर यावर दुकानच थाटलं होतं. आरोळ्यांनी बचावपटूंना चकवून आधीच घुसवायचं आणि लगेच लांब चेंडू! कसब आहे, मान्य. पण 'मोकळा सुटला' हे अर्ध्या सेकंदात ठरणार आणि आम्ही सोफ्यावर बोंबलणार.

डिसेंबर 2023, चीफ्स विरुद्ध बिल्स. चीफ्सच्या केल्सीनं मागे फेकलेला चेंडू घेऊन त्यांचाच कडेरियस टोनी टचडाउन (सहा गुण) करून आला, आणि तो आधीच रेषेपुढे उभा होता म्हणून सगळं रद्द. होताच पुढे, दिसतंय की! पण एरवी रिसीव्हरला, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याला, पंच आधी हटकतात, मग आजच का नाही, म्हणून चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्स पेटला. अरे, नियम आहे की मेहेरबानी? बरं, प्रशिक्षकानं लाल रुमाल टाकून दाद मागावी, तर ऑफसाइडला तीही सोय नाही.